दोन आरियांच्या मधली खुर्ची

सोप्रानोला, म्हणजे उंच सुरात गाणाऱ्या एकल गायिकेला, मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. जर्मनीत मी राहते त्या छोट्या शहरातल्या चर्चच्या क्वायरमध्ये मी आल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातला खालचा सूर, गाते. आम्ही सगळी हौशी माणसं लाकडी पायऱ्यांवर उभी, आमच्या पुढे वाद्यवृंद आणि सगळ्यांत पुढे एकल गायकांच्या खुर्च्या. गायिकेचा चेहरा श्रोत्यांना दिसतो, आमच्या वाट्याला तिची पाठ येते. पण गाणं शिकणाऱ्याने पाठच बघावी. श्वास कुठे भरला जातो ते तिथे कळतं. बरगड्या बाजूंनी रुंदावतात, खांदे जागचे हलत नाहीत, आणि लांब तानेच्या शेवटीही मानेवर ताण येत नाही.

त्या दिवशी बाखचं ‘योहानेस पासिओन’ होतं. येशूच्या अखेरच्या दिवसाची ही संगीतकथा 7 एप्रिल 1724 रोजी, गुड फ्रायडेला, लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये पहिल्यांदा गायली गेली. जवळपास दोन तासांच्या या कृतीत सोप्रानोला आरिया, म्हणजे एकट्याने गायची पदं, फक्त दोन. पहिली लवकर येते आणि दुसरी शेवटाकडे, येशूच्या मृत्यूनंतर. मधे तासाभराहून जास्त वेळ ती बसून असते. दगडी चर्चमध्ये मार्चअखेरची थंडी, अंगावर लोकरीची शाल, खुर्चीखाली पाण्याची बाटली. आवाज तापवून ठेवायचा, पण तोंडातून सूर काढायचा नाही. तिच्या कामातला सगळ्यांत अवघड भाग मला हाच वाटतो, आणि त्याचा उल्लेख मी कुठल्याही परीक्षणात वाचलेला नाही.

ती सकाळच्या गाडीने चाकांची बॅग ओढत आली. दुपारी एकच रंगीत तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. आम्ही या संगीतावर पाच महिने घालवले होते, तिला आमच्याबरोबर तीन तास मिळाले. तालमीचा पहिला अर्धा तास तर वाद्यं लावण्यातच गेला. आतड्याच्या तारा हवेतल्या बदलाने सूर सोडतात, म्हणून दर थोड्या वेळाने पुन्हा सूर जुळवावा लागतो. हे सूरही आजचे नव्हेत. जुन्या वाद्यांवरचा ‘ला’ 415 कंपनांना धरतात, आजचा 440 ला असतो. आपल्या पेटीच्या भाषेत, जी पट्टी पांढरी सहा म्हणून लिहिलेली आहे ती काळी चारवर वाजते. माझ्यासारखीला, जिच्या घरी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तानपुरा लावत, यात नवल वाटायला नको होतं. नवल वाटलं ते तालमीत तिने सांगितलेल्या एका गोष्टीचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात याच दोन आरिया तिला आधुनिक वाद्यवृंदाबरोबर, अर्ध्या सुराने वर गायच्या होत्या. गळ्याला एका जागेची सवय लागते, ती रात्रीत मोडावी लागते.

ईस्टरपूर्वीचे आठवडे आणि डिसेंबर हे या गायिकांचे सुगीचे दिवस. पासिओन आणि नाताळचं ‘वाइनाख्ट्स-ओराटोरियुम’ जर्मनीतल्या असंख्य चर्चमधून होतात आणि त्यावर वर्षाची बरीच कमाई उभी राहते. नोकरी नाही, पगार नाही. 1983 पासून कलावंतांसाठी एक सामाजिक विमा योजना आहे, त्यात हप्त्याचा साधारण निम्मा भार गायकावर येतो. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे कार्यक्रम थांबले, ते नेमके या सुगीत.

या संगीताला लागणारा आवाज घडतो कसा? डोरोटे मील्ड्स हे यातलं मोठं नाव. 1971 साली गेल्झनकिर्शनमध्ये जन्मलेली ही गायिका ब्रेमेनला शिकली, मग स्टुटगार्टला युलिया हमारी यांच्याकडे. हमारी या संचालक कार्ल रिश्टर यांच्या पासिओनमध्ये गायलेल्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या, भरदार आवाजांच्या काळातल्या. मील्ड्सचा आवाज मात्र सडपातळ, प्रत्येक अक्षर लख्ख ऐकू येईल असा. तिच्या आधीच्या पिढीत वुर्ट्सबुर्गच्या बार्बारा श्लिक यांनी ही वाट रुळवली होती. आधी गळा पूर्ण तयार करायचा आणि मग त्यातलं काय काय बाजूला ठेवायचं ते शिकायचं, अशी ही तालीम असावी असं मला त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना वाटतं.

ऐकून शिकायला मूळ आवाज तर उपलब्धच नाही. बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चचं हे संगीत बायका गात नसत. सोप्रानो म्हणजे टॉमास शाळेतला मुलगा. त्या काळी मुलांचा आवाज उशिरा फुटे, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांचा, चांगला तयार झालेला गळा मिळू शकत असे. बालगंधर्वांची पदं ज्या बायका पुढे गायल्या त्यांना निदान तबकड्या होत्या. 1724 च्या त्या मुलाचा श्वासही कुणापाशी नाही. आहे ती स्वरलिपी आणि त्या काळच्या शिक्षकांनी लिहून ठेवलेले ग्रंथ. मात्र एक गोष्ट नक्की, तोही मधे बसून राहिला असणार. दोन भागांच्या मधे तेव्हा प्रवचन असे.

तिची दुसरी आरिया आली. बासरी, आणि ओबो दा काच्चा, चामड्याने मढवलेलं, कोयत्यासारखं वाकलेलं, पितळी तोंडाचं वाद्य. असली वाद्यं लाइपझिगच्या आइशेनटोप्फने त्याच काळात बनवली. ती शाल खुर्चीवर ठेवून उठली. आरियेत एक शब्द परत परत येतो, ‘टोट’, मृत. दीर्घ स्वर तिने अगदी सरळ लावला, तानपुऱ्याच्या तारेसारखा, आंदोलनाशिवाय. कंप आला तो स्वर संपता संपता, तोही इतका बारीक की तिने आणला की आपसूक आला ते मला सांगता येणार नाही. मग शेवटचा ‘ट’. तो तिने जोरात मारला नाही, फक्त जिभेने स्वर बंद केला. तेवढ्या मोठ्या इमारतीत तो मागच्या बाकापर्यंत पोचला असणार, कारण माझ्यासमोर बसलेल्या व्हायोला वाजवणाऱ्या बाईने मान खाली घातली आणि समोरच्या रांगांतली चुळबुळ थांबली. आमच्या क्वायरला तोच ‘ट’ एकत्र म्हणायला आठवडेच्या आठवडे लागले होते.

आरिया संपल्यावर तिचं काम संपलं होतं. मानधन याच दोन आरियांचं. तरीही शेवटच्या कोरालला, म्हणजे क्वायरने गायच्या स्तोत्राला, ती उठली, आमच्याकडे वळली आणि आमच्या सोप्रानोंबरोबर गाऊ लागली. बाखकडे एकल गाणारेच कोरसमध्येही गात, ही जुनी रीत आहे. मी तिचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला. तोंड हलताना दिसत होतं, बरगड्या रुंदावत होत्या, पण आमच्या शाळेच्या बाई, बेकरीवाली आणि निवृत्त नर्स गात होत्या त्या ओळीतून तिचा सूर मला शेवटपर्यंत वेगळा सापडला नाही.