नवे मूत्रपिंड आणि आधीच झिजलेली हाडे

मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाले की दीर्घ आजारात झिजलेली हाडेही आपोआप पूर्ववत होतात, असा समज रुग्णांच्या कुटुंबांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते बारा महिने हाडांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या सहाच महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी घटलेली आढळली होती. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची मात्रा आज तेव्हापेक्षा कमी ठेवली जात असल्याने घट सौम्य झाली आहे, पण थांबलेली नाही.

या झिजेचा सारा दोष स्टेरॉइडवर टाकणे हेही अर्धसत्यच होय. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडमुळे हाड घडवणाऱ्या पेशींचे काम मंदावते हे खरे. परंतु परावटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइडच्या मागे असणाऱ्या आणि रक्तातील कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या लहान ग्रंथी, आजाराच्या काळात वाढलेल्या असतात आणि प्रत्यारोपणानंतरही अनेकांमध्ये जादा स्राव करीत राहतात, त्यामुळे हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढले जाते आणि फॉस्फरस लघवीवाटे निघून जातो. हाडे वाचवण्यासाठी स्टेरॉइड परस्पर बंद करणारा रुग्ण शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्याचा धोका ओढवून घेतो, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे.

परावटू ग्रंथींच्या याच जादा स्रावामुळे ‘कॅल्शियमच्या गोळ्या कोणालाही चालतात’ ही समजूतही फसवी ठरते, कारण अशा रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते आणि त्यात भर पडल्यास नव्या मूत्रपिंडालाच इजा पोहोचू शकते. उलट फॉस्फरस कमी झालेला असतानाही डायलिसिसच्या काळातले दूध-डाळी टाळण्याचे पथ्य सवयीने पाळले जाते. म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि परावटू संप्रेरक यांच्या तपासण्या झाल्याखेरीज पूरक औषधे किंवा पथ्य ठरवू नये. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कधी करावी, हेही डॉक्टरच ठरवतात.

जांघेतले किंवा खुब्यातले दुखणे ‘वाताचे’ म्हणून अंगावर काढणे मात्र सर्वांत महागात पडते. स्टेरॉइड घेणाऱ्यांत मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग मृत होऊ शकतो. सुरुवातीला साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. टोक खचण्यापूर्वी निदान झाले तर मूळ सांधा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. खचल्यानंतर बहुधा सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाच करावी लागते.