वडीलधाऱ्यांना काय द्यावें?

सोलापुरांत मकरसंक्रांत म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरील गड्डा, आणि त्या निमित्तानें परगांवाहून घरीं येणारीं मुलेंबाळें! आई-वडिलांना काय द्यावें, हा प्रश्न पडला कीं पुष्कळांचें उत्तर ठरलेलें असतें: सोलापुरी चादर.

गेल्या यात्रेनंतर आमच्या मातोश्रींची पेटी उन्हांत घालण्यासाठीं उघडली, तेव्हां तळाशीं चार चादरी निघाल्या. चारहि आम्हां भावंडांनीं निरनिराळ्या सणांना दिलेल्या. एकीचीहि घडी मोडलेली नव्हती. आम्हीं किंचित् रागानेंच कारण विचारलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "चादर छानच आहे रे. पण ओली झाली म्हणजे मला ती पिळवत नाहीं, आणि दर वेळीं सुनांना हांक मारणें बरें वाटत नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. दोष चादरीचा नव्हता. तेलंगणांतून येथें येऊन वसलेल्या पद्मशाली विणकरांनीं या धंद्याला नांव मिळवून दिलें. जॅकार्डच्या मागावरील या सुती चादरीला भौगोलिक निर्देशांकाचा मानहि लाभला आहे. चुकलों आम्ही. आम्हीं वीण पाहिली, रंग पाहिले. मातोश्रींचीं मनगटें मात्र पाहिलीं नाहींत.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, बाजारांत जाण्यापूर्वीं आठ दिवस घरांतच डोळे उघडे ठेवावे. वडील वर्तमानपत्र खिडकीशीं नेऊन वाचूं लागले असतील, तर शालीपेक्षां डोळ्यांची तपासणी व नवा चष्मा अधिक मोलाचा. रात्रीं उठतांना ते भिंत चांचपत असतील, तर त्या वाटेवर मंद दिवा आणि न्हाणीघरांत धरावयास दांडी बसवावी. उतारवयांत पडून खुब्याचें हाड मोडलें, तर पुष्कळदां अंथरूणच धरावें लागतें. आजीबाईंना पोथीचीं अक्षरें दिसत नसतील, तर मोठ्या टायपाची प्रत आणावी, आणि जमेल तेव्हां जवळ बसून एक अध्याय वाचून दाखवावा. मात्र काठीसारखी वस्तु चारचौघांत देऊं नये. आधीं एकान्तांत विचारावें. म्हातारपणाची जाहीर आठवण कोणालाच रुचत नाहीं.

आणखी एक गोष्ट. जन्मभर दुसऱ्यांना देत आलेल्या माणसाला केवळ घेणारा होणें जड जातें. सणापूर्वीं त्यांच्या हातीं कांहीं सुट्या नोटा ठेवाव्या. नातवंडांना खाऊ त्यांनींच द्यावा. तसेंच, घरांत एखाद्या आत्याबाई किंवा काकू असतात. सर्वांचें बोलून झाल्यावर त्यांना एखादें उरलेलें पातळ मिळतें. त्यांचें नांव यादींत पहिलें लिहावें.

आई-वडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीं २००७ सालीं कायदा झाला. त्याच्या आधारें मुलांकडून निर्वाहखर्च मागतां येतो. पण आईचीं मनगटें दुखतात हें जाणण्याची सक्ति कोणता कायदा करणार?

यंदां आम्हीं मातोश्रींसाठीं हलकी, मऊ चादर आणली आणि ती धुण्याचें काम आमच्याकडे घेतलें. त्याच रात्रीं तिची घडी मोडली. जुन्या चार चादरी त्यांनीं परगांवीं शिकावयास जाणाऱ्या नातवंडांना स्वतःच्या हातानें वांटल्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा आम्हीं पूर्वीं कोणत्याहि सणाला पाहिला नव्हता.