लेसर प्रिंटरमधील अस्वच्छता व छपाईदोष

लेसर प्रिंटरच्या आत साचलेली धूळ, सांडलेला टोनर किंवा कागदाचे तंतू यांमुळे छापील पानावर रेघा, ठिपके अथवा करडी झाक उमटते. टोनरची कोरडी पूड स्थिर विद्युतभाराने ड्रमवर खेचली जाते आणि पुढे उष्णतेने कागदावर वितळवली जाते. त्यामुळे भलत्या जागी बसलेला कणही पानावर दिसतो.

दोषाचे मूळ पानावरील खुणांवरून ओळखता येते. ठरावीक अंतराने पुन्हा उमटणारा डाग फिरत्या रुळाचा असतो व ते अंतर रुळाच्या परिघाएवढे असते. उदाहरणार्थ, २४ मिमी व्यासाच्या ड्रमवरील डाग सुमारे ७५ मिमीवर परततो. पुरेसा टोनर असूनही अखंड उभी पांढरी रेघ दिसल्यास लेसरच्या मार्गातील काचेवर धूळ असण्याचा संभव असतो. तेव्हा काडतूस बदलण्याचा खर्च वाया जातो.

कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळच्या शिवाजी पेठेसारख्या भागात पावसाळ्यात कागद ओलावतो आणि छपाई फिकी वा डागाळ होते. हा दोष अस्वच्छतेचा समजून ड्रम पुसला जातो व त्यावर ओरखडे पडतात. वास्तविक कागदाचा गठ्ठा बंद वेष्टनात ठेवणे एवढाच उपाय पुरेसा असतो.

स्वच्छतेपूर्वी वीज बंद करून यंत्र थंड होऊ देतात. ड्रमला हात व तीव्र प्रकाश लागू देत नाहीत. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतून टोनरचे सूक्ष्म कण हवेत पसरतात, म्हणून तो टाळतात. कपड्यांवर सांडलेला टोनर आधी झटकून मग थंड पाण्याने धुतात. गरम पाण्याने तो धाग्यांत पक्का बसतो.