निकाल घसरण्याआधी

२०१२च्या नोव्हेंबरात केंटकी राज्याने आपल्या शाळांचे निकाल जाहीर केले. प्राथमिक शाळांत वाचनात ‘प्रवीण’ ठरलेल्या मुलांचं प्रमाण आदल्या वर्षी ७६ टक्के होतं, ते ४८वर आलं. गणितात ७३वरून ४०. एका वर्षात मुलं मठ्ठ झाली नव्हती आणि शिक्षकही तेच होते. बदलली होती ती मोजपट्टी. इतका आपटलेला निकाल कुठल्याही राज्यात सरकारला जड गेला असता. केंटकीत मात्र रस्त्यावर कोणी उतरलं नाही, कारण निकाल पडणार हे तिथल्या पालकांना कित्येक महिने आधीपासून ठाऊक होतं.

अमेरिकेत अभ्यासक्रम केंद्र सरकार ठरवत नाही. कोणत्या इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवं, त्याची मानकं राज्य ठरवतं आणि शाळा चालवतात तेरा हजारांहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं आणि ते सुपरिंटेंडेंट नेमतं. पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण, बसगाड्या, पालकांचा राग, सगळं शेवटी या माणसाच्या टेबलावर येऊन पडतं. राजधानीत मानकांवर सही करायला पाच मिनिटं पुरतात. ती चौथीच्या वर्गापर्यंत पोहोचवायला वर्षं लागतात, आणि तो काळ निभावायचा असतो सुपरिंटेंडेंटने.

मानकं कडक करण्याची वेळ का आली, यामागे एक पळवाट आहे. जानेवारी २००२मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने फर्मावलं की २०१४पर्यंत प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात प्रवीण झालं पाहिजे. प्रवीण कोणाला म्हणायचं, हे मात्र राज्यांवर सोडलं. मग कित्येक राज्यांनी रेषाच खाली ओढली. शाळेच्या कागदावर हुशार दिसणारी मुलं कॉलेजात गेली की त्यांना रेमेडियल वर्गात बसवलं जाई: शाळेचंच गणित पुन्हा, फी भरून आणि पदवीत न धरलं जाणारं. २०१२मध्ये एसीटी ही परीक्षा दिलेल्यांपैकी इंग्रजी, वाचन, गणित आणि विज्ञान या चारही विषयांत कॉलेजयोग्य ठरले ते जेमतेम चौथा हिस्सा.

या पार्श्वभूमीवर राज्यांचे गव्हर्नर आणि राज्यांचे शिक्षणप्रमुख यांच्या संघटनांनी मिळून जून २०१०मध्ये ‘कॉमन कोअर’ ही मानकं प्रसिद्ध केली. गणितात प्रकरणं कमी, पण खोलवर. भाषेत ‘तुला काय वाटतं’ यापेक्षा ‘उताऱ्यात पुरावा कुठे आहे’ यावर भर. पाहता पाहता पंचेचाळीस राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टनने ती स्वीकारली. या घाईमागे पैसा होता. मंदीत खंगलेल्या राज्यांसमोर ओबामा सरकारने ‘रेस टू द टॉप’ नावाची ४३५ कोटी डॉलरची स्पर्धा ठेवली होती आणि अशी मानकं स्वीकारणाऱ्यांना त्यात गुण होते. टेक्सास आणि व्हर्जिनियासारखी राज्यं बाहेरच राहिली.

केंटकी या रांगेत सर्वांत पुढे होतं. अंतिम मसुदा यायच्याही आधी, फेब्रुवारी २०१०मध्ये तिथल्या शालेय शिक्षण, उच्चशिक्षण आणि शिक्षक-परवाना पाहणाऱ्या तीन मंडळांनी एकत्र ठराव केला. राज्याच्या २००९च्या कायद्याने नवी मानकं आणायला आणि कॉलेजातल्या रेमेडियल वर्गांची गर्दी निम्म्यावर आणायला सांगितलंच होतं. या तिघांचं एकत्र बसणं दिसतं त्यापेक्षा महत्त्वाचं होतं. शाळा ज्याला ‘तयार’ म्हणते त्याला कॉलेजही तयार मानणार का, हा प्रश्न एरवी कोणी कोणाला विचारतच नाही.

पुढचं काम डिस्ट्रिक्टच्या पातळीवर झालं. १७४ डिस्ट्रिक्टमधून गणिताचे आणि भाषेचे निवडक शिक्षक, त्यांच्या जोडीला मुख्याध्यापक आणि कार्यालयातले अधिकारी यांची जाळी बांधली गेली. ही मंडळी विभागवार नियमित भेटत, नवी मानकं सुटी करून पाहत आणि आपल्या गावी जाऊन इतरांना शिकवत. दुसरीकडे राज्याचं चेंबर ऑफ कॉमर्स आणि प्रिचर्ड कमिटी ही शिक्षणासाठी झटणारी नागरिकांची संस्था यांनी ‘रेडी केंटकी’ मोहीम काढली. निकाल पडेल, मूल तेच राहील, हे पालकांना आणि व्यापाऱ्यांना समोर बसवून सांगितलं गेलं. राज्याचे शिक्षण आयुक्त टेरी हॉलिडे हेच पालुपद जाईल तिथे आळवत राहिले. वाईट बातमी आपल्याच तोंडून आधी जावी, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

राज्याच्या हिशोबाने ‘कॉलेज किंवा नोकरीसाठी तयार’ अशा विद्यार्थ्यांचं प्रमाण २०१०मध्ये ३४ टक्के होतं, ते २०१४मध्ये ६२ झालं. तयार कोणाला म्हणायचं ही व्याख्या राज्याचीच, त्यामुळे हा आकडा थोडा हात राखूनच घ्यावा.

न्यूयॉर्कनेही घसरणीचा इशारा दिला होता. तरी तिथे भडका उडाला. २०१३च्या वसंतात तिसरी ते आठवीच्या नव्या परीक्षा झाल्या आणि भाषा, गणित दोन्हींत केवळ ३१ टक्के मुलं प्रवीण ठरली. आदल्या वर्षी हेच आकडे ५५ आणि ६५ होते. पण खरी चूक आकड्यांत नव्हती. राज्याने तयार केलेले धडे ‘एंगेज एनवाय’ या नावाने फुकट मिळणार होते, आणि शाळेचं वर्ष सुरू होऊन गेलं तरी ते हप्त्याहप्त्याने येतच होते. त्याच सुमारास शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या गुणांशी बांधलं गेलं. पुस्तक हातात नाही, आणि नोकरीचा हिशोब मात्र परीक्षेवर! ऑक्टोबरमध्ये पकिप्सी इथल्या सभेत आयुक्त जॉन किंग यांना लोकांनी बोलू दिलं नाही, पुढच्या काही सभा रद्द झाल्या. २०१५मध्ये दोन लाखांहून अधिक मुलांना, म्हणजे पाचांतल्या एकाला, पालकांनी परीक्षेला बसवलंच नाही. त्या वर्षअखेर राज्याने गुण आणि मूल्यमापन यांची गाठ काही वर्षांसाठी सोडली.

लॉस एंजेलिसला वाटलं, तयारी म्हणजे यंत्रं. नव्या परीक्षा संगणकावर होणार होत्या, म्हणून साडेसहा लाख मुलांच्या या डिस्ट्रिक्टने प्रत्येक मुलाला पिअर्सन कंपनीचा अभ्यासक्रम भरलेला आयपॅड देण्याचा, एकूण शंभर कोटी डॉलरच्या घरातला बेत आखला. २०१३च्या शरद ऋतूत वाटप सुरू झालं आणि काही दिवसांतच तीन शाळांतल्या तीनशेहून अधिक मुलांनी कुलपं काढून यूट्यूब गाठलं. (तंत्रज्ञानात मुलं तयार आहेत, एवढं तरी सिद्ध झालं.) त्याहून गंभीर म्हणजे आत भरलेला अभ्यासक्रमच अर्धवट होता. खरेदीच्या व्यवहाराबद्दल प्रश्न उठले, करार थांबला आणि ऑक्टोबर २०१४मध्ये सुपरिंटेंडेंट जॉन डीझी यांनी राजीनामा दिला.

पुस्तकांच्या बाजारात वेगळाच खेळ चालू होता. ‘कॉमन कोअरनुसार’ अशी चिठ्ठी जुन्याच पुस्तकांवर डकवली जात होती. २०१५मध्ये ‘एडरिपोर्ट्स’ या संस्थेने गणिताच्या वीस मालिका तपासल्या, तेव्हा सतरा मानकांना उतरल्या नाहीत. सगळ्या इयत्तांत उतरली ती एकच, ‘युरेका मॅथ’. बिचारा शिक्षक काय करणार? रँड संस्थेच्या पाहणीत दिसलं की बहुसंख्य शिक्षक धड्यासाठी गूगल धुंडाळत होते.

या सगळ्यात मेरीलँडमधलं मॉन्टगोमेरी काउंटी जास्त विचार करायला लावतं, कारण तिथे हुशारी कमी नव्हती. वॉशिंग्टनला लागून असलेलं सुमारे एक लाख चाळीस हजार मुलांचं हे डिस्ट्रिक्ट. १९९९मध्ये आलेले सुपरिंटेंडेंट जेरी वीस्ट यांनी काउंटीचा नकाशाच दोन रंगांत वाटला: गरीब, स्थलांतरित वस्तीचा ‘लाल’ आणि सुखवस्तू ‘हिरवा’. मग लाल भागात वर्गातली मुलं कमी केली, पूर्ण दिवसाची बालवाडी आधी तिथे सुरू केली. श्रीमंत मतदारांना न दुखावता जास्त पैसा गरिबांकडे वळवणं किती नाजूक काम आहे, ते राजकारण जाणणाऱ्याला सांगायला नको.

कॉमन कोअर यायच्या आधीच वीस्ट यांनी कॉलेजच्या दारापासून मागे मागे मोजत ‘सात किल्ल्या’ ठरवल्या होत्या. दुसरीपर्यंत वरच्या पातळीचं वाचन, आठवीअखेर बीजगणित, अकरावीअखेर त्याचा पुढचा टप्पा, शेवटी सॅट या प्रवेशपरीक्षेत १६५० किंवा एसीटीत २४. सहा वर्षांच्या मुलाच्या आईला रस्ता दिसावा असा हा तक्ता होता. २०१०मध्ये डिस्ट्रिक्टला बाल्ड्रिज हा गुणवत्तेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पिअर्सनने त्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात साडेबावीस लाख डॉलर गुंतवले. विकत घेणारं डिस्ट्रिक्ट आता विकणारं झालं होतं.

वीस्ट २०११मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले जोशुआ स्टार यांनी पुढच्याच वर्षी, नवी मानकं नीट रुजेपर्यंत प्रमाणित परीक्षांना तीन वर्षं विश्रांती द्या, अशी जाहीर मागणी केली. ती कोणी मनावर घेतली नाही. दरम्यान ‘करिक्युलम २.०’ नावाने हा घरचा अभ्यासक्रम इयत्तेमागून इयत्तेत शिरत राहिला, आणि तो मानकांना धरूनच आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायला २०१८ उजाडलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संस्थेने अहवाल दिला: हे साहित्य मानकांशी पुरेसं जुळत नाही.

मॉन्टगोमेरीने तो अहवाल दडवला नाही, ही त्यांची जमेची बाजू. २०१९मध्ये घरचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून बाहेरचा आणायला सुरुवात झाली. प्राथमिक शाळांतल्या गणितासाठी निवड झाली ‘युरेका’ची, म्हणजे ज्या धड्यांचा पहिला अवतार न्यूयॉर्कमधल्या शिक्षकांना वर्ष सुरू झाल्यावर हप्त्याहप्त्याने मिळत होता, त्याच धड्यांची.