उतारवय आणि दुचाकी

दादर येथें सकाळच्या प्रहरीं रानडे रस्त्याच्या कडेला घटकाभर उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्या दुचाक्यांकडे पाहिलें, तर स्वाराचा चेहरा शिरस्त्राणांत झांकलेला असतांहि त्याचें वय बहुधा ओळखतां येतें. विशीतला तरुण बस आणि टॅक्सी यांच्यामधील हातभर फटींतून वाहन तिरपें करून निसटून जातो. चाळिशीचा गृहस्थ त्या फटीकडे पाहतो, क्षणभर विचार करतो आणि बहुधा जात नाहीं. साठी उलटलेल्या स्वाराला ती फट दिसली तरी ती आपल्यासाठीं आहे असें वाटतच नाहीं. यास कोणी भीति म्हणतात, कोणी शहाणपण म्हणतात. दोन्ही नांवांत थोडें थोडें तथ्य आहे. परंतु खरी गोष्ट अशी कीं, वयाबरोबर स्वाराचें शरीर बदलतें, आणि तो बदल भरून काढण्याकरितां तो आपली वाहन चालविण्याची रीत नकळत पालटीत जातो. ही पालटलेली रीत कांहीं प्रसंगीं त्याला तारते, आणि कांहीं प्रसंगीं तीच त्याला गोत्यांत आणते. यांपैकीं कोणता प्रसंग कोणता, हें पुष्कळदां स्वारालाहि ठाऊक नसतें व घरच्या मंडळींनाहि नसतें.

आज सत्तरीच्या आसपास असलेल्या दादरकर पिढीचा हात मुख्यतः बजाजच्या स्कूटरवर बसलेला आहे. त्यापूर्वींच्या पिढीची लाडकी लँब्रेटा. ती मुंबईंतीलच एक कारखाना तयार करी. १९७२ सालीं पुण्याच्या बजाज कंपनीनें राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव देऊन ‘चेतक’ बाजारांत आणली, आणि पुढें कित्येक वर्षें ती मिळविण्यासाठीं नांव नोंदवून वाट पाहत बसावें लागे. घरांत स्कूटर आली म्हणजे पेढे वाटले जात. ही स्कूटर चालविणें ही एक विद्याच होती. डाव्या मुठींत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर बदलावयाचा. मागचा ब्रेक उजव्या पायाखालीं. यंत्राचें वजन उजव्या अंगास, म्हणून वाहन थोडें सांभाळून धरावें लागे. पावसाळ्याच्या सकाळीं ती सुरू होईना, तर एका अंगावर कलती करून, पुन्हा सरळ करून, किकवर सारें वजन टाकावयाचें. विशी-तिशींत हें सर्व पायांत आणि मनगटांत असतें. त्याचा विचार करावा लागत नाहीं.

पन्नाशीनंतर प्रथम तक्रार करतो तो गुडघा. किक मारणें आणि वाहन मधल्या स्टँडवर चढविणें या दोन क्रिया आधीं नकोशा होतात. मग गृहस्थ बिनगिअरची, बटण दाबतांच सुरू होणारी स्कूटर घेतो. असें वाहन आपल्याकडे १९८४ सालीं कायनेटिक होंडाच्या रूपानें आलें, आणि पुढें या शतकाच्या प्रारंभापासून होंडाच्या ॲक्टिव्हानें तें घरोघर नेलें. गुडघ्याची अडचण यामुळें मिटते, हें निःसंशय. तथापि एक नवी अडचण उभी राहते, तिची कल्पना वाहन विकणारा क्वचितच देतो. जेथें पूर्वीं क्लच होता तेथेंच, म्हणजे डाव्या हाताखालीं, आतां मागचा ब्रेक आहे. आणि जेथें पूर्वीं ब्रेक होता तेथें, म्हणजे उजव्या पायाखालीं, आतां कांहींच नाहीं. तीस-तीस वर्षें मुरलेली संवय बुद्धीनें सांगून जात नाहीं. एरवीं सर्व सुरळीत चालतें; परंतु एकादें पोर रस्त्यांत धांवत आलें कीं उजवा पाय रिकाम्या पाटीवर जोरानें आपटतो, आणि हाताला जाग येईपर्यंत अर्धा क्षण निघून जातो. म्हणून असा बदल करणारानें पहिले कांहीं दिवस शिवाजी पार्काच्या भोंवतालच्या शांत रस्त्यांवर, पहांटे, केवळ थांबण्याचा सराव करावा. पंचेचाळीस वर्षें स्कूटर हांकलेल्या मनुष्याला हें सांगणें जिवावर येतें, पण सांगितलें पाहिजे.

या अर्ध्या क्षणाची किंमत आंकड्यांत मांडतां येते. तासाला ४० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें ११ मीटर अंतर तोडतें. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एकाला एक सेकंद लागला व दुसऱ्याला दीड, तर दुसऱ्याचें वाहन साडेपांच मीटर पुढें गेलेलें असतें. म्हणजे मोठ्या बसच्या जवळजवळ निम्म्या लांबीइतकें. वृद्ध मनुष्याच्या स्नायूंपेक्षां त्याच्या निर्णयाला अधिक वेळ लागतो. समोर एकच गोष्ट घडत असेल तर तो तरुणाच्या फारसा मागें पडत नाहीं; पण डावीकडून हातगाडी, समोर थांबलेली टॅक्सी आणि मागून भोंगा, अशा तीन गोष्टी एकदम घडूं लागल्या म्हणजे त्यांतून एक निवडण्यास त्याला वेळ लागतो. आणि दादरच्या फुलबाजाराजवळ तीनपेक्षां कमी गोष्टी एका वेळीं कधीं घडतात?

डोळ्यांची गोष्ट याहून अधिक गंभीर आहे, कारण ती सर्वांत कमी जाणवते. चाळिशीचा चष्मा सर्वांस माहीत असतो. परंतु त्यापुढें डोळ्याची बाहुली लहान राहूं लागते, भिंगाला पिवळसर छटा येते, आणि साठीच्या मनुष्याच्या दृष्टिपटलावर विशीच्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो. दिवसा याची उणीव भासत नाहीं. संध्याकाळीं मात्र ज्या उजेडांत नातवाला खड्डा स्पष्ट दिसतो, त्याच उजेडांत आजोबांना केवळ काळसर डाग दिसतो, आणि तो डाग डांबराचा, पाण्याचा कीं पोकळीचा हें चाक आंत गेल्यावरच कळतें. त्यांत समोरून येणाऱ्या दिव्याचा झोत पडला तर दृष्टि पूर्ववत् होण्यास वृद्धाला कितीतरी अधिक वेळ लागतो. मोतीबिंदु सुरू झालेला असल्यास प्रत्येक दिव्याभोंवतीं खळें दिसतें. पावसाळ्यांतील रात्र, ओला रस्ता आणि शिरस्त्राणाच्या कांचेवर साचलेले थेंब इतकें जुळून आलें म्हणजे वृद्ध स्वार स्मरणशक्तीवर वाहन चालवीत असतो असें म्हटलें तरी चालेल. रस्ता कालच खणला गेला असला तर ती स्मरणशक्ति काय कामाची? दुहेरी भिंगाच्या चष्म्याचीहि एक गंमत आहे. त्याचा खालचा भाग हातभर अंतरावरील वर्तमानपत्रासाठीं केलेला असतो; त्यांतून चाकापुढील दोन वावांवरचा रस्ता पाहिला तर तो पुसटच दिसावयाचा. नेत्रवैद्याकडे गेल्यावर ‘वाचतां येतें का’ या प्रश्नाबरोबरच ‘मी स्कूटर चालवितों’ हेंहि रुग्णानें आपण होऊन सांगावें.

कांचबिंदूंत बाजूची दृष्टि आक्रसत जाते, आणि रुग्णाला तिचा बराच काळ पत्ताहि लागत नाहीं. त्याच सुमारास मान ताठरते. खांद्यावरून मागें पाहणें दुखतें म्हणून तो केवळ आरशावर विसंबतो, आणि आरशांत न दिसणाऱ्या कोंपऱ्यांतच पुष्कळदां एकादा मोटारसायकलवाला असतो. ऐकूं कमी येऊं लागलें कीं त्याचा भोंगाहि उशिरां कळतो. हल्लींच्या विजेवरील स्कूटरींना यंत्राचा आवाज जवळजवळ नसतो. ज्यांनीं जन्मभर आपला वेग कानानें मोजला त्यांना ती शांतता फसवी ठरते.

आतां सावकाशीविषयीं. ‘बाबा अगदीं हळू चालवतात, काळजी नाहीं,’ असें घरोघर म्हटलें जातें. ही समजूत अर्धीच खरी आहे. वेग कमी असला तर आघात कमी, हें खरें. परंतु दुचाकी चालतांना जितकी स्थिर असते तितकी रेंगाळतांना नसते. चालत्या मनुष्याच्या गतीहून वेग उतरला म्हणजे तोल राखण्यासाठीं हँडल सारखें इकडेतिकडे वळवीत राहावें लागतें, आणि तोल राखणारी अंतःकर्णांतील यंत्रणा नेमकी याच वयांत मंदावलेली असते. म्हणून वृद्ध स्वार भर वेगांत पडण्याऐवजीं पुष्कळदां सिग्नलला थांबतांना, इमारतीच्या फाटकांत वळतांना, किंवा शंभर किलोच्या वर वजनाचें वाहन मागें ओढतांना पडतो. टेकलेला पाय ओल्या फरशीवरून सरकतो, वाहन कलतें, आणि तें सांवरण्याचा प्रयत्न करणें हीच चूक होते. वाहनाला ओरखडा पडेल तो पडो. खुब्याचें हाड मोडलें तर तें जुळण्याचा काळ तरुणासारखा नसतो. शिवाय रस्त्याच्या मधोमध अतिशय हळू जाणाऱ्याला ओलांडण्यासाठीं मागचे लोक दोन्ही बाजूंनीं घुसतात. हळू जावयाचें तर डाव्या कडेनें, आणि एका चालीनें जावें.

जो वृद्ध स्वार वर्षानुवर्षें सुखरूप घरीं येतो त्याचें कौशल्य रस्त्यावर फारसें दिसत नाहीं, कारण त्याची स्वारी घरांतच सुरू झालेली असते. शाळा सुटण्याच्या वेळेआधीं भाजी आणावयाची. खोदादाद सर्कलला उजवीकडे वळण्याऐवजीं एक फेरा अधिक घालावयाचा. पाऊस असेल तर टिळक पूल ओलांडून पूर्वेला जाणें उद्यांवर टाकावयाचें. हिंदमाताकडे पाणी भरलें आहे काय, हें दूरध्वनीवर विचारावयाचें. दिवेलागणीनंतर किल्ली खुंटीवर. तरुण स्वार जे निर्णय क्षणार्धांत हातानें घेतो तेच हा गृहस्थ आदल्या रात्रीं डोक्यानें घेऊन ठेवतो. सर्दीच्या कांहीं गोळ्यांनीं सुस्ती येते, रक्तदाबाच्या कांहीं औषधांनीं उठतांना घेरी येते, मधुमेह्याची साखर अवेळीं उतरते. यांचाहि हिशेब अशा मनुष्यापाशीं असतो.

याच्या अगदीं उलट प्रकार म्हणजे निवृत्तीनंतर, मुलें मार्गीं लागल्यावर, जड मोटारसायकल घेऊन लडाखला निघणारे. त्यांचा उत्साह स्तुत्य आहे. परंतु मनाला पंचवीस वर्षांचा हात आठवतो, आणि हाताखालीं असतें त्या काळच्या वाहनाहून दुप्पट दांडगें वाहन. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाहीं. ज्या देशांत हिंवाळाभर बर्फ असतें तेथें बर्फावर धांवणाऱ्या यंत्रगाड्यांचा शोक आहे; कॅनडांतील बॉम्बार्डियर यांनीं १९५९ सालीं अशी हलकी गाडी विकावयास आणल्यापासून तो वाढला. तेथेंहि तरुण उभ्यानें उड्या घेतात, आणि उतारवयाचे स्वार पाठीला टेकण असलेली बैठक, ऊब देणाऱ्या मुठी आणि दाबून सपाट केलेली वाट पसंत करतात. यंत्र बनविणारे या ग्राहकाला ओळखून असतात. २०२० सालीं विजेवर पुन्हा अवतरलेल्या चेतकला मागें जाण्याची सोय आहे. दाटीवाटीनें लावलेल्या वाहनांतून स्वतःची स्कूटर ओढून काढतांना ज्याची कंबर धरली असेल, त्यालाच या सोयीचें मोल कळेल.

पाठीमागें बसणाराचेंहि वय होत असतें, हें लोक विसरतात. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसणाऱ्या पत्नीनें चाळीस वर्षें प्रत्येक वळणावर न सांगतां तोल सांभाळलेला असतो. पुढें तिला चढतांना त्रास होतो, ती चढण्यापूर्वींच वाहन हलतें, आणि एक दिवस ती म्हणते, ‘तुम्ही व्हा पुढें, मी टॅक्सीनें येतें.’ दुसरीकडे पन्नाशींत प्रथमच बिनगिअरची स्कूटर शिकलेल्या स्त्रियाहि दादरांत कमी नाहींत. मोडावयाची जुनी संवयच नसल्यामुळें त्या कित्येकदां नवऱ्यांपेक्षां अधिक नीट थांबतात. हें मत नवऱ्यांना रुचणार नाहीं.

कायदा याविषयीं काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनुसार पंचावन्न वर्षांनंतर परवाना पांच पांच वर्षांसाठींच मिळतो, आणि वरची वयोमर्यादा नाहीं. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखलाहि लागतो. खाजगी वाहनाची नोंदणीहि पंधरा वर्षांनंतर पांच वर्षांसाठींच वाढते. परंतु त्या वेळीं वाहन प्रत्यक्ष नेऊन दाखवावें लागतें. मनुष्याचा दाखला मात्र ओळखीच्या डॉक्टरकडे चहा घेतां घेतां पुरा होऊं शकतो. ब्रेक तपासला जातो, मान वळते कीं नाहीं हें तपासलें जात नाहीं.

म्हणून निर्णय अखेर घरांतच होतो, आणि तो बहुधा वाईट रीतीनें होतो. लहानसा अपघात घडतो, मुलगा रागावतो, किल्ली कपाटांत जाते. मुलाला वाटतें, आपण एक संकट टाळलें. वडिलांचा मात्र सकाळचा शिवाजी पार्काचा कट्टा, बँक, मंडई आणि आजारी मित्राकडची फेरी हीं सर्व एकदम दुसऱ्याच्या सवडीवर जातात. मग ते ‘नको, राहूं दे’ म्हणूं लागतात व बाहेर पडणेंच सोडतात. याहून बरी रीत म्हणजे पायरीपायरीनें उतरणें. प्रथम रात्र सोडावी, मग पाऊस, मग पूल, मग मागें कोणास बसविणें. प्रत्येक पायरी ज्याची त्यानें ठरवावी. मुलानें महिन्यांतून एकदां वडिलांच्या मागें बसून यावें, आणि बोलूं नये, फक्त पाहावें. सिग्नल उशिरां दिसला काय, ओळखीच्या वळणावर गोंधळ झाला काय, वाहनावर नवे ओरखडे आहेत काय. वाट चुकणें हें मंद प्रतिक्रियेहून वाईट लक्षण समजावें व वैद्याला दाखवावें.

शेवटची पायरीहि येतेच. तेव्हां पुष्कळ घरांत स्कूटर विकली जात नाहीं. ती सुनेकडे जाते आणि सासरे मागें बसूं लागतात. ते शिरस्त्राणाचा पट्टा स्वतः घट्ट करतात, रस्ता सांगावयाचा नाहीं असा निश्चय करून निघतात, आणि प्लाझाचा सिग्नल तांबडा होतांच त्यांचा उजवा पाय, तेथें कांहीं नसतांना, खालीं दाबला जातो.