टायमिंग कानाने लागत नाही

जुनी अँबॅसेडर किंवा पद्मिनी बाळगणारे चार जण जमले की एक सल्ला हमखास निघतो: "पिकअप नाही? टायमिंग थोडं पुढे घे." मग बॉनेट उघडतं, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल होतो, चालू इंजिनावर डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवला जातो आणि आवाज चढला की "आता लागलं" म्हणत बोल्ट आवळला जातो. हे दृश्य इतकं सवयीचं आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही.

चूक सुरू होते ती 'स्फोटा'पासून. पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी पडते आणि पेट्रोलचा स्फोट होतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात स्फोट होत नाही. मिश्रण जळतं, आणि जळायला वेळ लागतो. ज्वाळा सिलिंडरभर पसरायला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद धरा. ८०० आरपीएमच्या स्लोवर तेवढ्यात क्रँक दहाएक डिग्री फिरतो, ३,००० आरपीएमला छत्तीस. दाबाचा जोर सगळ्यांत जास्त हवा तो क्रँक वरच्या टोकाच्या साधारण पंधरा डिग्री पुढे गेलेला असताना. झोपाळा मागच्या टोकावरून फिरला की धक्का द्यायचा असतो, आधी दिला तर हात मोडतो. म्हणून ठिणगी पाडायची ती पिस्टन अजून वर येत असतानाच. किती आधी, हे इंजिनाच्या वेगावर ठरतं. या 'किती आधी'लाच अॅडव्हान्स म्हणतात.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (१९०८ ते १९२७) हे काम ड्रायव्हरकडे होतं. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला ठिणगीचा दांडा असे. हँडल मारण्याआधी तो मागे घ्यायला विसरलं तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. पुढे हाच दांडा डिस्ट्रिब्युटरच्या पोटात गेला. तिथे दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगीसाठी पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकतो. वेग वाढला की सिलिंडरमधलं मिश्रण जास्त घुसळतं आणि ज्वाळाही झपाट्याने पसरते. त्यामुळे अॅडव्हान्स वेगाच्या प्रमाणात कायम वाढवत न्यावा लागत नाही. एका हद्दीनंतर वजनं अडतात, ती म्हणूनच.

टायमिंग म्हणजे एकच आकडा नव्हे, वेगागणिक बदलत जाणारी ती एक रेघ आहे. आपण क्लॅम्प सैल करून फिरवतो तेव्हा ही अख्खी रेघच पुढे-मागे सरकते. आवाज चढेपर्यंत फिरवण्यातली गोम इथेच आहे. स्लोवर थ्रॉटल जवळपास बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि त्यात मागच्या फेरीचा धूर मिसळलेला. असं मिश्रण रेंगाळत जळतं, म्हणून स्लोवर इंजिनाला पुष्कळ अॅडव्हान्स आवडतो. पुढे घ्याल तसा आवाज चढतच जातो. समजा, पुस्तकात दहा डिग्री सांगितलेत आणि कानाला गोड लागलं ते वीसवर. वजनांनी त्यावर आणखी वीस-बावीसची भर घातली की महामार्गावर इंजिन चाळिशीच्या पुढे. मेकॅनिकचा कान टॅपेटसाठी सोन्याचा असेल, टायमिंगसाठी तो विश्वासाचा नाही.

यावर अनुभवी लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: "नॉक होईपर्यंत पुढे घ्यायचं, मग थोडं मागे." ही युक्ती खोटी नव्हती, पण ती जुन्या पेट्रोलवर बेतलेली होती. नॉक म्हणजे ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेटणं. ऑक्टेन हा पेट्रोलच्या ताकदीचा आकडा नाही, अशा पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही याचा आहे. बीएस-२ या उत्सर्जन-मानकाच्या काळात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८८ होता, बीएस-३ ला ९१ झाला, आणि आताच्या ई-२० चा ९५ धरला जातो. उलट या जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन आजच्या मानाने कमी. त्यामुळे टायमिंग योग्य जागा ओलांडून बरंच पुढे गेलं तरी इंजिन कुरकुर करत नाही. वर येणाऱ्या पिस्टनवर दाब उलटा बसतो, ताकद घटते, इंजिन तापतं, पण नॉक ऐकूच येत नाही. पूर्वी नॉक हा राखणदार होता, आता तो ड्युटीवर नाही. महागडं प्रीमियम पेट्रोल भरून अशा गाडीला पिकअप येईल ही आशाही त्याच कारणाने फोल. जिथे नॉकच नाही, तिथे नॉक रोखणारं पेट्रोल काय करणार?

मग टायमिंग मागे ठेवलं की निर्धास्त? तेही नाही. ठिणगी उशिरा पडली की जळण पिस्टन खाली जाताना चालूच राहतं आणि उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, मॅनिफोल्डवर आणि पाण्यात जाते. घाट चढताना रेडिएटर उकळतो, मालक थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदलत बसतो, आणि खोट असते डिस्ट्रिब्युटरमध्ये. चावी काढल्यावरही इंजिन धडधडत राहण्याचा दोष थेट टायमिंगवर येतो. पण चावी बंद म्हणजे ठिणगी बंद. मागे पडलेल्या टायमिंगमुळे स्लो टिकत नाही, म्हणून आपण स्क्रू पिळून थ्रॉटल जास्त उघडा ठेवलेला असतो, आणि तिथून आत शिरणारं मिश्रण तापलेल्या कार्बनवर पेटत राहतं.

व्हॅक्युमच्या डबीवर सर्वांत जास्त अन्याय होतो. अँबॅसेडरच्या १,४८९ सीसी इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरला बाजूला चिकटलेली ती गोल डबी. जुन्या पेट्रोलवर खंबाटकी घाट चढताना नॉक आलं की तिची नळी काढून बूच मारायचं, ही सर्रास पद्धत. पण पाय पूर्ण दाबलेला असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम उरतोच कुठे? डबी तेव्हा सुट्टीवर असते. तिचं काम सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने जाताना. तेव्हा सिलिंडरमधलं विरळ मिश्रण सावकाश जळतं आणि त्याला आणखी अॅडव्हान्स लागतो. नळीला बूच मारलं की घाटातलं नॉक तसंच राहतं आणि महामार्गावरचं अॅव्हरेज पडतं. डबी तपासायला यंत्र लागत नाही. नळी तोंडाने ओढायची, आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने नळी बंद धरली तर तिथेच थांबली पाहिजे. परत आली, तर पडदा फाटलाय.

टॅक्सीच्या काळातला एक भाग इथे जोडायला हवा. मुंबईतल्या कित्येक पद्मिनी सीएनजीवर गेल्या, आणि किट बसवताना टायमिंगला हात लावायची गरज नाही असं अनेकांना वाटायचं. सीएनजीचा ऑक्टेन शंभराच्या बराच वर, पण ज्वाळा पेट्रोलपेक्षा मंद. म्हणून त्याला जास्त अॅडव्हान्स हवा. पेट्रोलवर बरोबर असलेली गाडी सीएनजीवर मरगळते ते काही अंशी यामुळेही. दोन्ही इंधनांवर चालवायची तर एकच सेटिंग ही तडजोडच ठरते.

आता पॉइंटबद्दल. पॉइंटचा गॅप आणि टायमिंग ही वेगवेगळी कामं समजली जातात, पण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग पुढे. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. दोन वर्षांपूर्वी अचूक लावलेली गाडी आज मंद का, याचं उत्तर बहुतेकदा इतकं साधं असतं. म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग. उलट क्रमाने केलं तर दोन्ही वाया.

काम करताना पुस्तकात तसं सांगितलं असेल तर व्हॅक्युमची नळी काढून तिला बूच मारावं, स्लो सांगितलेल्या आकड्यावर आणावा, आणि पुलीवरची खूण टायमिंग लाइटने पाहावी. एवढ्यावर थांबू नये. वेग हळूहळू ३,००० पर्यंत नेत लाइट खुणेवरच ठेवावा. खूण सलग पुढे सरकत जाऊन एका जागी स्थिरावली तर वजनं ठीक आहेत. ती हललीच नाही तर वजनं गंजून अडकलीत. स्लोवरच इकडेतिकडे उड्या मारत असेल तर स्प्रिंगा ढिल्या आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरचा बुश गेलाय, आणि मग बाहेरून कितीही फिरवा. फिरवताना दिशेचा गोंधळ नको: रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की अॅडव्हान्स. शिवाय डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे बॉडी एक डिग्री हलली की टायमिंग दोन डिग्री बदलतं. बोल्ट आवळतानाही बॉडी किंचित सरकते, त्यामुळे आवळून झाल्यावर लाइट पुन्हा एकदा मारावा लागतो.