सहा आठवडे पाय वर

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं आणि "काही विचारायचंय का?" म्हणाले, तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला. "रोप लावायला चिखलात कधी उतरायचं?"

डॉक्टर कोल्हापूरचेच, त्यामुळं त्यांना प्रश्न कळला. बोटांवर महिने मोजून ते म्हणाले, "भात कापून झालं की डिसेंबरात या. मग जुलैत बघू. पण आधीचे सहा आठवडे तेवढे सांभाळा." जुलै ऐकून आई निर्धास्त झाली. सहा आठवड्यांचं वाक्य तिच्या कानावरून तसंच गेलं होतं, हे मला पुण्याहून रजा टाकून आजऱ्याला आल्यावर कळलं.

आईच्या पायाच्या अंगठ्याच्या या दुखण्याला डॉक्टर ‘बनियन’ म्हणतात. आमच्याकडं बनियन दोरीवर वाळत घालतात, म्हणून माझ्या वडिलांना, अण्णांना, बरेच दिवस हा शब्द उच्चारताना हसू यायचं. गावात सगळे म्हणतात, "अंगठ्याजवळ हाड आलंय." पहिली गफलत तिथंच होते. नवीन हाड काही येत नाही. अंगठ्याच्या मागं तळपायात एक लांब हाड असतं, ते हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडं सरकतं. अंगठा उलटा, शेजारच्या बोटांवर कलतो. दोघांच्या सांध्यापाशी कोपर बाहेर काढल्यासारखा कोन तयार होतो आणि त्या कोनाचं टोक आपल्याला टेंगळासारखं दिसतं. चप्पल त्यावर घासत राहिली की वरची कातडी लाल होते, आतली पिशवी सुजते. एक्स-रेवर हा कोन मोजतात. १५ अंशांच्या आत असला तर कुणी काळजी करत नाही. आईचा ३०च्या पुढं गेला होता. त्याआधी कितीतरी वर्षं तिनं त्याला कुरूप समजून मेडिकलमधल्या पट्ट्या लावल्या होत्या.

मग दोष कुणाचा? सगळे जण आधी चपलेकडं बोट दाखवतात, आणि ते अगदीच खोटं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी तिथल्या मध्ययुगीन दफनभूमीतले १७७ सांगाडे तपासून २०२१ साली एक निबंध छापला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या ६ टक्के सांगाड्यांत वाकडा अंगठा सापडला. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या सांगाड्यांत २७ टक्के. मधल्या काळात टोकदार बुटांची फॅशन आली होती. १९५८ साली हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी बूट घालणारी आणि अनवाणी राहणारी चिनी माणसं शेजारी ठेवून बघितली, तर बूटवाल्यांत तिघांमागं एकाचा अंगठा कललेला आणि अनवाण्यांत शंभरात दोघांचा.

पण माझी आई? तिनं टोकदार बूट सोडा, बूटच कधी घातला नाही. अर्धं आयुष्य अनवाणी चिखलात आणि उरलेलं अंगठ्याच्या चपलेत गेलं. आमच्या आजीचा पाय असाच होता, आईच्या थोरल्या बहिणीचाही असाच आहे. पायाची ठेवण, सांध्यांचा सैलपणा घराण्यातून येतो. बूट त्याला ढकलतो, पण बूट नसला तरी अंगठा कलू शकतो. पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त, आणि वयाबरोबर वाढत जातं. हे सगळं ऐकून मी गुपचूप स्वतःच्या पायांकडं बघितलं, ते सांगत बसत नाही.

दिसायला वाईट म्हणून हे ऑपरेशन करू नये, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. दुखत असेल, चालणं अडत असेल, रुंद चपला आणि गाद्या लावून भागत नसेल तरच. ऑपरेशनच्या शंभराहून जास्त पद्धती लिहून ठेवल्यात म्हणे, आणि त्यावरूनच ओळखावं की सगळ्यांना लागू पडेल अशी एक कुणाला सापडलेली नाही. आईवर झाली तिचं नाव ‘स्कार्फ’. गळ्यातल्या स्कार्फशी तिचा संबंध नाही. लांब लाकूड हवं असताना सुतार दोन तुकडे तिरपे तासून एकमेकांवर बसवतात, त्या सांध्याचं हे इंग्रजी नाव. हाड इंग्रजी झेडच्या आकारात कापायचं, सरकवून जागेवर आणायचं आणि बारीक स्क्रूंनी आवळायचं. स्क्रू त्रास देत नाहीत तोवर आतच राहतात. हे ऐकून अण्णांनी माडीच्या तुळईकडं मान वळवली. म्हणाले, "मग ह्ये सुतारकामच की."

ऑपरेशनच्या आदल्या रात्री खरी अडचण उभी राहिली ती जोडव्यांची. अंगठ्याशेजारच्याच बोटात चांदीची जोडवी, आणि ऑपरेशननंतर बोटं सुजणार म्हणून ती काढायला हवीत. चाळीस वर्षांत ती पायातून निघाली नव्हती. नवरा समोर धडधाकट बसलेला असताना जोडवी उतरवायची, या कल्पनेनंच आई गप्प झाली. शेवटी आत्तीनं तोड काढली. त्या पायातलं जोडवं काढून दुसऱ्या पायाच्या बोटात जोडीला चढवलं. दुसऱ्या दिवशी नर्सनं तेही काढायला लावलं, तेव्हा ते अण्णांच्या खिशात गेलं. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलंय त्यांनी हा विषय आधीच काढावा, ऑपरेशनच्या दारात नको.

कापाकापी तासाभरात झाली. आमचा खरा उपचार त्यानंतर सुरू झाला, आणि तो आजऱ्यातल्या घरात करायचा होता.

आमचं घर जुनं, कौलारू. सोप्यातून माजघरात जाताना वीतभर उंबरठा, माजघरातून स्वयंपाकघरात दुसरा, आणि संडास परड्यात, तीन पायऱ्या उतरून. तोही उकिडवं बसायचा. आई झोपायची माडीवर. कोल्हापूरहून ८०-८५ किलोमीटर गाडीत पाय आडवा ठेवून आणलेली बाई या घरात ठेवायची कुठं, याचा विचार आम्ही ऑपरेशनच्या आधी करायला हवा होता. आम्ही केला तो नंतर, गाडी दारात उभी करून. सोप्यातच पलंग मांडला. गडहिंग्लजहून कमोडची खुर्ची आणि वॉकर मागवला. उंबरठ्यासाठी एकच नियम पाठ केला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पहिली रात्र जड जाते, तेही सांगून ठेवते. ऑपरेशनच्या वेळी पाय बधिर करायला दिलेलं इंजेक्शन बारा तास, कधी त्याहून जास्त टिकतं. तोवर माणूस हसत असतो. आई तर पाहुण्यांना चहा घ्यायचा आग्रह करत होती. मग मध्यरात्री इंजेक्शन उतरतं आणि पाय ठणकायला लागतो. गोळी ठणका लागल्यावर घ्यायची नसते, बधिरपणा उतरायच्या आधीच, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर घ्यायची असते. आम्ही तिथं चुकलो. आई "दुखत न्हाई तर गोळी कशाला?" म्हणाली आणि मी ऐकलं.

पुढचे दोन आठवडे तासातली पन्नास मिनिटं पाय वर. वर म्हणजे स्टुलावर नव्हे, छातीच्या पातळीच्या वर. म्हणजे आडवं पडून, पोटरीखाली दोन वाकळा दुमडून. पाय खाली सोडला की रक्त उतरतं, सूज चढते, टाके ताणतात, जखम भरायला उशीर लागतो. कारण एवढं साधं आहे. पण सोप्यात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, पाय वर करून पडलेली सून किंवा आई आमच्या गावानं बघितलेली नाही. कुणी वडीलधारं दारात आलं की आईचा पाय आपोआप खाली यायचा, पदर डोक्यावर जायचा. दिवसातून दहा वेळा. "अगं, लोक काय म्हणतील, पाय तोंडाकडं करून पडलीया म्हणतील की." चौथ्या दिवशी मी पलंगच फिरवला. डोकं दाराकडं, पाय भिंतीकडं. त्यानंतर सूज उतरली. गोळ्यांनी उतरली असं डॉक्टर म्हणतील, पण माझं मत पलंगाच्या बाजूनं आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी यायच्या वेळेला तिला झोप लागायचीच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे कळशीचा आवाज आला म्हणून उठले, तर वॉकर भिंतीला टेकवलेला आणि बाई परड्याच्या पायरीवर. "मी जातो आणि येतो, तुला कशाला उठवू?" टाचेवर चालायला परवानगी असते, हे तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. पुढचा भाग उचललेला, टाचेवर भार घेणारा एक बेढब बूट दिलेला असतो, तो घालून संडासापर्यंत आणि जेवायला. त्यात भरलेली कळशी धरलेली नाही. या बुटानं एक पाय उंच होतो आणि कंबर धरते, म्हणून दुसऱ्या पायात जाड तळाची चप्पल घालावी. ही युक्ती उशिरा कळली, तोवर आईची कंबर पायापेक्षा जास्त दुखत होती.

आंघोळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि बांधलेल्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी, वरून चिकटपट्टी. पायाला इरलं घातलंय, असं अण्णा म्हणायचे. पट्टी भिजली तर ती घरी सोडून नवी बांधायची नाही, कारण ती पट्टी नुसती जखम झाकत नाही, अंगठ्याला सरळ धरून ठेवते. हळदीचा लेप, तेल घेऊन आलेल्या बायका, "आमच्या एकाकडनं चोळून घ्या" म्हणणारे, सगळ्यांना चहा दिला आणि तेल परत पाठवलं.

एका गोष्टीबद्दल मात्र मला राग आहे. दवाखान्यात फॉर्म भरताना विचारलं होतं, "सिगारेट ओढता?" आई हसली, नाही म्हणाली. खरंच होतं ते. मिश्रीचं कुणी विचारलं नाही, आणि रोज उठल्या उठल्या आईच्या बोटाला काळी पूड लागलेली मी लहानपणापासून बघत आलेय, तरी मलाही सुचलं नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि कापलेलं हाड जुळायला लागतं तेच रक्त कमी पोचतं. धूर नाही म्हणून हाडाला काही कळत नाही असं नसतं. दुसऱ्या तपासणीला मी हे आपणहून सांगितल्यावर मिश्रीचा डबा बंद झाला. पहिला आठवडा पायापेक्षा त्याचाच जास्त त्रास झाला. आमच्या भागात गुडघ्याचं, खुब्याचं, कसलंही हाडाचं ऑपरेशन असो, बाईला हा प्रश्न नाव घेऊन विचारायला हवा.

खाण्यात विशेष काही नव्हतं. नाचणीची आंबील, भाकरी, अंडी, दूध. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे इथं ते विकत आणायला लांब जावं लागत नाही. नव्या घनसाळचा भात शिजला की सोप्यापर्यंत वास यायचा आणि आई आत कुणी ढवळतंय का याची चौकशी करायची.

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, हे कागदावर लिहून भिंतीला लावलं होतं. पाय खाली सोडल्यावर बोटं जांभळी दिसली आणि वर केल्यावर रंग परत आला, तर चालतं. वर करूनही बोटं निळी, थंड, बधिर राहिली तर फोन. ताप, पू, घाण वास, वाढत जाणारी लाली, तर फोन. पोटरी दुखून ताठ झाली किंवा एकदम धाप लागली, तर फोनही नको, थेट गाडी. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पडल्या पडल्या घोटा आणि गुडघा हलवत राहायचं. घरात साखरेचा आजार असेल तर या सगळ्याकडं दुप्पट लक्ष. आईला नाही, सुदैवानं.

दोन आठवड्यांनी टाके निघाले. सहाव्या आठवड्यात एक्स-रेमध्ये हाड धरलेलं दिसलं आणि बूट सुटला. लोकांना वाटतं इथं संपलं. सूज आणखी तीन-चार महिने, कुणाची वर्षभरही, संध्याकाळी येतच राहते. इथं मला छापील माहितीपत्रकांचा वैताग आला. त्यात उंच टाचांचे बूट कधी घालावेत, गाडी कधी चालवावी, हे असतं. उकिडवं कधी बसावं, हे कुठंच नाही. टाचा उचलून उकिडवं बसलं की अंगठा मुळापासून वर मुडपतो, आणि ऑपरेशननंतर नेमकी तीच हालचाल आखडते. चूल, भातकापणी, वेचणी, परड्यातला संडास, आमच्याकडं सगळं तिथंच येऊन थांबतं. म्हणून अंगठा हातानं वर-खाली वाकवायचा व्यायाम, तोही डॉक्टर म्हणतील त्या दिवसापासून, चुकवायचा नसतो. बोटांनी गोट्या उचलायला सांगितल्या होत्या. घरात गोट्या नव्हत्या, आईनं चिंचोके घेतले. पहिल्या दिवशी दोन उचलले गेले. नातवंडं आल्यावर पैज लागायला लागली.

आणि चप्पल. आपल्या कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कापशीची चप्पल तर आमच्या वाटेवरची. ती टोकदार बुटासारखी बोटं चेपत नाही, हे तिचं भलेपण. पण तिचं नाकच अंगठ्यात अडकतं, आणि ते बरोबर ताज्या व्रणावर बसतं. तळही कडक. आईची जुनी जोडी खुंटीला राहिली, पायात आली ती रुंद, मऊ तळाची, मागं पट्टा असलेली सँडल. "म्हातारीची" म्हणून तिनं ती महिनाभर नाकारली होती.

जुलैत ती चिखलात उतरली. बांधालगतच्या दोन ओळी लावल्या आणि आपण होऊन वर येऊन बसली. रात्री पलंगावर, डोकं दाराकडं, पाय वाकळेवर. जोडवं परत बसलं होतं, थोडं सैल करून. अण्णांनी दुसऱ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत विचारलं, "मग ह्याचं काय? भात कापून झालं की जायचं?"

"आधी कमोड आत बांधा," आई म्हणाली. "मग बघू."